ऑगस्टचं मस्टर

ह म्हणजे हजर, गै म्हणजे गैरहजर,
र रजेचा, सु सुट्टीचा.
बावीस वर्षांत मला पाचवं अक्षर लागलं नाही.

एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका,
हे आमच्याकडं कुणी शिकवत नाही, येतंच.
सहा तारखेला मच्छिंद्री झाली,
म्हणजे शिवाजी पुलाच्या दगडी माशाला
नदीनं तोंड लावलं.
शिरोलीपाशी हायवेवर ट्रकांची रांग,
रांगेपुढं पाणी,
पाण्यापलीकडं आमची फाउंड्री.

भट्टीला पूर कळत नाही.
नागावची नऊ माणसं चालत आली,
सोळा-सोळा तास लोखंड ओतत राहिली.
त्यांचे ह मी लाल शाईनं भरले, ओव्हरटाइमसकट.

उरले एकतीस.

बारा तारखेला रावसो मगदूम आला, चिखलीचा, मोल्डिंगचा.
मशीनवर अंगठा ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
पुसून ठेवला.
पुन्हा प्रयत्न करा.
चार दिवस घरातला गाळ उपसून
बोटांच्या रेषाच फुगून गेल्या होत्या.
मी म्हटलं, राहू दे, मी हातानं लिहिते.
आज ह.
आणि मागचे सहा?

"मॅडम, म्या रोज आल्तो की.
डबा घिऊन सकाळी सहाला पुलाच्या तोंडाला.
पोलिसाला इचारा.
म्या आल्तो. रस्ताच आला न्हाई."

हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

मालक वाईट नाहीत.
चिखलीला टेम्पोभर चादरी त्यांनीच पाठवल्या,
मोजायला मीच उभी होते.
पण चादरीला कुणी सही मागत नाही,
आणि पगाराला मागतात.
"माझा माल पुण्याच्या रस्त्यावर अडकला," ते म्हणाले,
"पार्टीनं दंड कापला.
नदीचं बिल मी एकट्यानं का भरायचं?"
याला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
यासीन नदाफलाही नव्हतं,
नागावचा, सोळा तासवाला,
हातावर भाजल्याचा नवा डाग.
तो म्हणाला, "घरी बसल्यांना पण तेवढाच,
मग आम्ही का मेलो?"
रावसो म्हणाला, "घरी?
घर कुठं हुतं बसायला?"
मग बराच वेळ दोघंही पंख्याकडं बघत बसले.

त्या दुपारी मी पेन्सिलीनं
प्रत्येकाच्या सहा रकान्यांत एकेक मासा काढला.
साधा, लहान मुलं काढतात तसा,
एक वळण, मागं शेपूट.
एकतीस गुणिले सहा.
शेवटचे मासे घाईत बिघडले,
काही पानाबाहेर चालल्यासारखे दिसत होते.

मालकांनी मस्टर उघडलं.
"हे काय?"
"मच्छिंद्री," मी म्हटलं.
ते कोल्हापूरचेच. हसले.
मग हसायचे थांबले, चष्मा काढला,
आणि म्हणाले, "अर्धा देऊ. तीन दिवसांचा."

कॉम्प्युटरला मासा चालत नाही.
तिथं मी तीन ह आणि तीन गै भरले,
कुठला दिवस हजर, कुठला गैरहजर,
हे बसल्या जागी ठरवलं.
मंगळवार आला, बुधवार नाही.
असं पाणी वागत नाही, पण सॉफ्टवेअर वागतं.

स्लिप घेताना रावसो म्हणाला,
"बराबर हाय की.
अर्धा रस्ता तर आल्तोच."
तो चेष्टेनं म्हणाला की कसं,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

आणि एक राहिलं.
मी शुक्रवार पेठेत राहते, नदीच्या अलीकडं.
सहा ते अकरा मीही आले नव्हते.
पुलाच्या तोंडालाही गेले नव्हते,
गॅलरीतून पाणी बघत चहा घेतला, दोनदा.
ऑफिसचा स्टाफ मंथलीवर.
आमचा पगार महिन्याचा असतो, दिवसांचा नसतो,
त्यामुळं आमचं मस्टर कुणी उघडत नाही.
सगळे ह मी एकोणतीसला एका बैठकीत भरले,
निळ्या शाईनं, एका वळणाचे.

माझ्या ओळीत
मासा नव्हता.